दोन पांढरी बटणं

वडगावच्या विणकर गल्लीत त्या काळी तीन अंबाजी होते. एक भजनात पेटी वाजवायचा, एक पोस्टात होता आणि तिसरा हा आपला, एकवीस अंबाजी. एकवीस हा पत्त्यांचा खेळ. बेळगावच्या छावणीतून सुट्टीवर सुटलेल्या जवानांनी तो कट्ट्याकट्ट्यावर आणून सोडला आणि गल्लीने उचलला. समोर बँकवाला बसून पानं वाटतो. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का अकराचा किंवा एकाचा. आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं बरं, पण एकवीसच्या वर गेलात की फुटलात. बँकवाल्याला मात्र स्वतःची अक्कल चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत त्याने पान ओढायचंच, सतरा झाले की थांबायचंच. शिकायला एक दुपार पुरे.

अंबाजी जुगारी नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पत्त्याचं नाव निघालं की माणसाला नावं ठेवायला लोक टपलेले असतात. त्याने उभ्या जन्मात खेळात पैसा लावला नाही. तो विणकर होता, चांगल्यातला. पुढच्या खोलीत खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून दिवसभर धोटा मारणं, आणि शेजारी जमिनीवर बसून बायको सोनाबाई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरतेय. हातमागाचा आवाज काही फार नसतो. त्यामुळे दोघांच्या गप्पा सकाळी सुरू व्हायच्या त्या दिवे लागेपर्यंत. लग्नाला बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही, पण बोलायला विषय कमी पडला असं कधी झालं नाही. गल्लीतल्या बायकांना याचंच जास्त नवल वाटायचं.

मग मागच्या गल्लीत यंत्रमाग आले. अंबाजीची एक साडी मागावरून उतरेपर्यंत यंत्रमाग दहा पाडून मोकळा व्हायचा. खडेबाजारातले कल्लाप्पा शेट, जे गल्लीला सूत द्यायचे आणि साड्या उचलायचे, ते आता अंबाजीची साडी हातात घेऊन तोंडभर कौतुक करायचे आणि पुढचं सूत द्यायला आठ-आठ दिवस लावायचे. कौतुक वाढलं की काम आटलं, हे अंबाजीला कळायला लागलं. दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन शिट्टी वाजली की माग सुरू करणारे विणकर तो रोज बघत होता. त्याला तेवढं नको होतं. स्वतःच्या घरात स्वतःचा माग, एवढंच त्याचं मागणं होतं, मग तो हाताने चालो की विजेने.

आणि शहात्तरच्या दिवाळीत शेटनी नवीनच टूम काढली. पाडव्याला पेढीमागच्या गोदामात एकवीसची स्पर्धा. पैसे लावायचे नाहीत, म्हणजे पोलिसांनाही बोलायला जागा नाही. प्रत्येकाला सारखी बटणं वाटायची. काळं बटण दहाचं, पांढरं पाचचं, सगळी मिळून शंभर. वीस डाव झाले की टेबलावर ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त, तो पुढच्या फेरीत. आणि शेवटी जो उरेल त्याला एक यंत्रमाग. तो माग शेटनी हार घालून पेढीच्या पायरीशी उभा केला होता. लोक येता-जाता हात लावून बघत.

सोनाबाई त्याच संध्याकाळी जाऊन बघून आली. घरी येऊन तिने पुढच्या खोलीची जमीन हाताने मापली.

"मावतंय," ती म्हणाली. "खड्डा बुजवायचा आणि कणगी सैपाकघरात वडायची. मावतंय बगा."

"आदी जिंकू तर दे गं," अंबाजी हसून म्हणाला, पण त्याने स्वतःही एकदा मापून घेतलं.

पहिल्या वर्षी तो अगदी शहाण्यासारखा खेळला. एक-एक पांढरं बटण पुढे सरकवायचं, फुटायची भीती असली की पान मागायचं नाही, बँकवाल्याला फुटू द्यायचं. वीस डावांनी त्याच्यापुढे एकशे पाच होते. म्हणजे तो जिंकला होता की नाही? जिंकला होता. आणि तरी बाद झाला, कारण शेजारच्या एका किराणावाल्याने दोन डावांत डोळे मिटून ढीग लावला होता आणि त्याच्यापुढे एकशे साठ झाले होते. अंबाजी तिथेच बसून राहिला. शेटचे दिवाणजी पानं वाटायला असायचे, त्यांनी त्याला हाताला धरून उठवलं.

ते वर्षभर तो मागावर बसून त्याचाच विचार करत होता. फाल्गुनात केव्हातरी त्याचा हात थांबला.

"सोने, आपली लडाई बँकवाल्याशी न्हायच," तो म्हणाला. "शेजारी बसलेल्याशी हाय. बँकवाला सगळ्यांलाच सारका."

"मग शेजाऱ्याचं बघून लावायचं," सोनाबाई कांडीवरची नजर न काढता म्हणाली.

इतकं सोपं होतं ते, आणि तिने इतक्या सहज सांगितलं की अंबाजीला थोडा रागच आला. पण तिथून पुढे दोघांनी मिळून तो खेळ उकलला. चिंचोक्यांची बटणं केली. सोनाबाई कधी किराणावाला व्हायची, कधी चिकोडीचा कापडवाला, कधी निपाणीचा तंबाखूवाला. आपण पुढे असलो तर मागच्याने लावलं तेवढंच लावायचं, म्हणजे तो जिंकला तर आपणही जिंकण्याचा संभव, अंतर राहतं. आपण मागे असलो तर त्याच्या उलट, तो थोडं लावेल तेव्हा आपण भरपूर. पहिले पंधरा डाव हात आखडता घ्यायचा, उतावळ्यांना आपापसात संपू द्यायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटच्या डावाला लावायची पाळी कुणाची आधी आणि कुणाची नंतर येते, ते पहिल्या डावालाच मोजून ठेवायचं. ज्याने शेवटी लावायचं त्याला सगळ्यांचं उघडं दिसतं.

सत्त्याहत्तरला ते मोजायचं राहिलं. उपान्त्य फेरीत शेवटच्या डावाला त्याला आधी लावावं लागलं आणि मागून एकाने बघून-बघून पाचाने त्याला मागे टाकलं. घरी येताना सोनाबाई म्हणाली, "फुडच्या साली." गल्लीतल्या आणखी तीन घरांतले हातमाग त्या वर्षी बंद पडले.

अठ्ठ्याहत्तरच्या पाडव्याला अंबाजीचं काही म्हणता काही चुकलं नाही. पहिली फेरी, दुसरी फेरी, सगळं ठरल्यासारखं. गोदामात उभे असलेले विणकर एकमेकांना कोपरं मारत होते. बायका माळ्याच्या जिन्यावर ओळीने बसल्या होत्या, त्यांत सोनाबाई वरून तिसऱ्या पायरीवर होती. अंतिम टेबलावर पाच जण बसले. सतराव्या डावापर्यंत तिघे संपले. उरले दोघे, अंबाजी आणि निपाणीचे तंबाखू-दलाल भीमाप्पा.

भीमाप्पा काही वाईट माणूस नव्हता. मोकळा, हसरा, पान खाऊन सगळ्यांशी बोलणारा. पण त्या दिवशी त्याचं नशीब असं जोरावर होतं की पंधरावर पान मागावं आणि सहा यावेत. शेवटच्या डावाच्या आधी त्याच्यापुढे दीडशे होते आणि अंबाजीपुढे ऐंशी. सहा काळी, चार पांढरी. लावायची पाळी आधी भीमाप्पाची, नंतर अंबाजीची. हे अंबाजीने पहिल्या डावालाच मोजलेलं होतं.

भीमाप्पाने एक पांढरं बटण पुढे सारलं. सत्तरने पुढे असलेल्या माणसाला भीती कसली वाटायची? तो खुर्चीला टेकून हसत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आणखी फक्त एक काळं बटण लावलं असतं तर दोघं जिंकूनही तोच पुढे राहिला असता. पाच लावून तो जिंकला तर एकशे पंचावन्न. अंबाजीने ऐंशीच्या ऐंशी लावले आणि जिंकले तर एकशे साठ. हे गणित अंबाजीच्या डोक्यात पापणी लवायच्या आत झालं. जिन्यावर सोनाबाईच्याही डोक्यात झालं असणार, कारण ती उभी राहिली.

वर्षभर तीच तर घोकून घेत होती त्याच्याकडून. "शेवटच्या डावाला हातात ठिऊन काय लोणचं घालणार त्येचं? डाव संपला की त्या बटणांला कुत्रं बी इचारत न्हाय."

अंबाजीने सगळी बटणं दोन्ही तळव्यांनी पुढे ढकलली. आणि मग त्याचा उजवा हात परत गेला आणि ढिगातली दोन पांढरी बटणं उचलून त्याने मांडीशी ओढून घेतली.

"झालं?" दिवाणजींनी विचारलं.

"झालं," अंबाजी म्हणाला.

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर वाचणारा त्याला मूर्ख म्हणेल. हातमागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की विणकर तो शेवटपर्यंत विणत नाही. वीत-दीड वीत सूत फणीत तसंच ठेवतो. त्या टोकांना नव्या ताण्याचा एक-एक धागा पिळून सांधायचा असतो. जुनं टोकच नसेल तर हजारो धागे नव्याने एकेक करून ओवत बसावं लागतं, दोन-दोन दिवस जातात. शिवाय माग रिकामा करणं म्हणजे घराला अवदसा, असं प्रत्येक बाप प्रत्येक मुलाला सांगतो. अंबाजीच्या बोटांना हे आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. सगळं संपवायचं नाही, सांधायला थोडं ठेवायचं. डोक्याला वर्षभर शिकवून झालं होतं, पण बोटांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि आधीच्या कुठल्याच फेरीत सगळी लावायची पाळी आली नव्हती, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पानं वाटली. भीमाप्पाला गुलाम आणि अठ्ठी. अंबाजीला राजा आणि नव्वी, एकोणीस. दिवाणजींनी स्वतःची उघडली. राणी आणि छक्की, सोळा. ओढायचंच. ओढली ती नव्वी. बँकवाला फुटला.

गोदामात एकच कल्ला झाला. विणकरांनी अंबाजीला खांद्याला धरून उठवलं, कुणीतरी त्याची टोपी वर उडवली. तोही हसत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग दिवाणजींनी मोजायला घेतलं. भीमाप्पाचे एकशे पंचावन्न. अंबाजीचे सत्तरचे झाले एकशे चाळीस, आणि मांडीशी ठेवलेले दहा. दीडशे.

भीमाप्पालाही आधी कळेना. कळलं तेव्हा त्याचं हसू गेलं. तो वाकून खरोखरच्या नवलाने म्हणाला, "अंबाजी, एक टाकला असतास तर बरोबरी हुती. दोन्ही टाकला असतास तर माग तुजाच हुता की रं. ठेवलास कशाला?"

"सांधायला," अंबाजी म्हणाला.

व्यापारी मंडळी हसली. विणकरांपैकी कुणी हसलं नाही. ते खाली बघत राहिले, कारण प्रत्येकाला आपापला हात ठाऊक होता.

घरी जाताना सोनाबाई शहापूरच्या नाक्यापर्यंत दोन पावलं पुढेच चालत राहिली. अंबाजी वाट बघत होता. तिने रस्त्यात बसून रडावं, शिव्या द्याव्यात, काही करावं असं त्याला फार वाटत होतं. नाक्यावर ती म्हणाली, "माजा बी हात तसाच गेला असता." त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. इतक्या चांगल्या बोलण्याने माणूस जास्तच मोडतो.

तंबाखूच्या दलालाला यंत्रमाग घेऊन काय करायचंय? भीमाप्पाने तो त्याच दिवशी शेटना विकून टाकला आणि निपाणीची गाडी धरली. हे दर वर्षीचंच होतं, हे अंबाजीला मागाहून कळलं. शहात्तरचा किराणावाला, सत्त्याहत्तरचा सोनार, सगळ्यांनी माग पायरीवरच शेटना परत विकला होता. माग पेढीच्या अंगणाबाहेर कधी गेलाच नव्हता. त्या सगळ्या खेळाडूंत माग मागासाठी हवा असलेला माणूस बहुधा एकटा अंबाजीच होता.

ऐंशी साली शेटनी हातमागाला सूत देणं बंदच केलं. अंबाजी शेटच्याच यंत्रमागांच्या शेडमध्ये कामाला गेला. शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद. त्याला दिला तो सात नंबरचा माग, तोच हाराचा. कांड्या भरायला शेडमध्ये यंत्र होतं, त्यामुळे सोनाबाईच्या हाताला काम उरलं नाही. ती येळ्ळूरच्या शिवारात भातलावणीला, भांगलणीला जाऊ लागली. संध्याकाळी दोघं घरी यायची तेव्हा तिची कंबर गेलेली असायची आणि त्याचे कान. ती बोलायची, तो "आं?" करायचा, ती पुन्हा बोलायची. पुढे पुढे तिने दुसऱ्यांदा बोलायचं सोडलं.

दिवाळी आली की अंबाजी सात नंबर पुसून, तेलपाणी करून, हार घालून पायरीशी नेऊन ठेवायचा. स्पर्धेत बसायची त्याला मुभा नव्हती. पेढीच्या कामगारांनी खेळायचं नाही, असा शेटचा नियम होता. आणि तसा तो रास्तच होता, कुणाला काय बोलणार?

पण त्याच्या डोक्यातलं शास्त्र काही जाईना. वीस डाव, पाळीची मोजणी, शेजाऱ्याचं बघून लावणं, सगळं जसंच्या तसं होतं, आणि आता त्यात शेवटच्या डावाचीही भर पडलेली. आपल्याला शिकायला उशीर झाला, पण शिकलेलं वाया जाऊ नये, असं त्याला वाटायचं. शेजारच्या बोळातल्या भरमूचा खड्डामाग अजून कसाबसा चालू होता. मुंबईच्या एका बाईंना हातमागाची साडी लागायची म्हणे, तेवढ्या आधारावर. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर अंबाजी दर रविवारी भरमूकडे जाऊन बसू लागला. त्याने त्याला सगळं दिलं. पन्नास-पन्नास वेळा शेवटचा डाव मांडून सगळे चिंचोके पुढे ढकलायला लावले. भरमूचा हात मागे यायला लागला की त्याच्या मनगटावर चापट मारायची. "न्हाय ठेवायचं. एक बी न्हाय." हळूहळू भरमूचं मनगट शिकलं.

भरमूच्या घरात सुद्धा मग बोलणी सुरू झाली, माग कुठे बसवायचा, विजेची जोडणी कुठून घ्यायची. अंबाजी ते ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं. बऱ्याच वर्षांनी तो घरी येऊन आपणहून काही सांगायला लागला होता. सोनाबाई ऐकून घ्यायची.

पंच्याऐंशीच्या पाडव्याला भरमू अंतिम टेबलावर बसला. अंबाजी भिंतीला पाठ लावून कामगारांत उभा होता. शेवटच्या डावाला चिकोडीच्या कापडवाल्यापुढे दीडशे, भरमूपुढे नव्वद. कापडवाल्याने पंचवीस लावले. भरमूची पाळी नंतरची. हिशेब एकच होता, सगळी. कापडवालाही जिंकला तर एक पांढरं बटण ठेवूनसुद्धा नुसती बरोबरी होत होती, सगळी लावून जिंकला तर एकशे ऐंशी, कापडवाल्याला मागे टाकून.

भरमूने सगळी बटणं पुढे ढकलली. हात मागे आला नाही. सात वर्षांनी का होईना, तो डाव कुणीतरी बरोबर खेळला होता.

भरमूला राणी आणि दश्शी आली, वीस. याहून काय पाहिजे? कापडवाल्याला सतरा. दिवाणजींनी एक्का उघडा ठेवला होता. त्यांनी दुसरं पान उलटलं. राजा. बँकवाल्याचे एकवीस.

कापडवाल्याचे पंचवीस गेले, एकशे पंचवीस उरले. भरमूपुढची जागा मोकळी झाली. त्याने मान वळवून भिंतीकडे बघितलं.

"अण्णा, बरोबर खेळलो न्हवं?"

"बरोबर खेळलास," अंबाजी म्हणाला.

कापडवाल्याने पायरीवरच माग विकला. अंबाजीने आणि आणखी तिघांनी तो गाड्यावर चढवून शेडमध्ये नेला, सात नंबरच्या जागी बसवला, हार काढून ठेवला. गाडा ढकलताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बरोबर खेळलं की जिंकतो, असं तो सात वर्षं धरून चालला होता. तसं नव्हतं. बरोबर खेळून शिवाय बँकवाला फुटावा लागतो. तो कुणासाठी रोज फुटत नाही, आणि अंबाजीसाठी तो फुटला होता.

घरी सोनाबाई अंधारातच बसली होती. तिने दिवा लावला नव्हता. त्याने सगळं सांगितलं, पानांसकट. ती ऐकत होती. मग ती उठून त्याच्या कानाजवळ आली आणि मोठ्याने, एक-एक शब्द सुटा करून बोलली, त्याला पुन्हा विचारावं लागू नये म्हणून.

"भरमूची बायकू सकाळधरनं हितं येऊन बसलती. आत्ता गेली. तुमी दोन बटणं ठेवलासा, त्येचं मी कदी काय म्हटलं न्हाय. पन एका घरानं आशा लावून बगितलती की. दुसऱ्या घराला कशाला लावलासा?"

अंबाजीला सगळं नीट ऐकू आलं होतं. तरी तो म्हणाला, "आं?"

सोनाबाईने पुन्हा सांगितलं नाही. ती चुलीपुढे जाऊन बसली. जुन्या मागावर भरमूचं मन लागेना. महिन्याभराने त्याने तो विकला, लाकडाच्या भावाने, आणि तो शेडमध्ये आला. त्याला आठ नंबर मिळाला, अंबाजीच्या शेजारचा. दोघं सकाळी एकमेकांकडे बघून मान हलवत आणि शिट्टी वाजली की माग सुरू करत.